कामाचे तास आणि घरातले वडील

दिल्ली ही कचेऱ्यांची नगरी आहे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून येथे आणण्याची घोषणा झाली, आणि त्यानंतर गिरणीतल्या विणकराने किती तास उभे राहावे, कारकुनाने किती वाजता मेजाशी बसावे, खाणीतल्या मजुराला विसावा केव्हा मिळावा, यांविषयीचे नियम बव्हंशी याच शहरात लिहिले गेले. कामाच्या तासांचा हा इतिहास मजुरीच्या, संपांच्या आणि उत्पादनाच्या अंगाने पुष्कळांनी सांगितला आहे. त्याला आणखी एक अंग आहे. सायंकाळी कामावरून परतणारा हा मनुष्य बहुधा कोणाचा तरी बाप असतो. कायद्याने वाचवलेला त्याचा तास मुलाच्या वाट्याला आला काय? हा प्रश्न घेऊन जुने कायदे चाळू लागले म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. स्त्रीचे तास मोजताना कायद्याला तिच्या मागचे घर दिसत होते. पुरुषाचे तास मोजताना त्याला केवळ कामगार दिसत होता. या एका भेदाने आपल्या घरांतील पुष्कळ गोष्टी ठरवून टाकल्या आहेत.

कारखाने येण्यापूर्वी हा प्रश्न या स्वरूपात नव्हताच. कुंभाराच्या चाकापाशी, सुताराच्या पटाशीपाशी, शेतकऱ्याच्या औतामागे त्याचा मुलगा असे. बापाचे काम आणि बापाचा सहवास या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. यात रम्य असे फारसे काही होते, असे मी म्हणणार नाही. मुलगा जवळ असे तो राबण्यासाठीच. परंतु तो जवळ असे, एवढे खरे. भोंग्याने ही सोबत मोडली. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि आठवड्याची सुट्टी दिली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र कायद्याची कसलीच मर्यादा नव्हती. ती आली १९११ साली, तीही कापडगिरण्यांपुरती, आणि ती होती दिवसाला बारा तासांची! दिल्ली क्लॉथ मिल १८८९ साली स्थापन झाली. मुंबईच्या गिरण्या तिच्याहून जुन्या. बारा तास गिरणीत आणि जाण्यायेण्याचा वेळ निराळा, असा हिशेब केला तर बाप घरी असे तेव्हा मूल झोपलेले असे, आणि मूल जागे असे तेव्हा बाप साच्यापुढे उभा असे.

मुंबईच्या गिरणगावात तर याहूनही मोठे अंतर होते. तेथील असंख्य कामगारांची बायकामुले कोकणात किंवा घाटावर गावी असत. बाप खाणावळीत जेवे, एका खोलीत दहापाच जणांसोबत पथारी टाके, आणि शिमग्याला वा गणपतीला गावी गेला म्हणजे मुलांना दिसे. त्याच्या बापपणाचे मोजमाप तासांत करता येत नाही. ते वर्षातील दिवसांत करावे लागते. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने गावाशी असलेला कामगाराचा हा धागा तोडू नये, सांभाळावा, असे म्हटले. आयोगाच्या दृष्टीने त्या धाग्याचे मोल आजारपणात, बेकारीत आणि म्हातारपणी मिळणाऱ्या आसऱ्याचे होते. त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला वाट पाहणारी मुलेही होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० च्या जूनपासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. ज्यांची मुले मुंबईत होती अशा थोड्या बापांच्या पदरी त्यामुळे आठवड्यातला एक दिवस पडला. ज्यांची मुले रत्नागिरीकडे होती, त्यांचा रविवार कपडे धुण्यात आणि गावाकडे पत्र लिहवून घेण्यात गेला असला तर नवल नाही.

दिल्लीतील सरकारी नोकराची तऱ्हा याहून निराळी. त्याचे तास थोडे होते, पण त्याची कचेरीच फिरती होती. उन्हाळा आला की हिंदुस्थान सरकार शिमल्याला जाई. १८६४ पासून चालत आलेली ही प्रथा राजधानी दिल्लीला आल्यावरही दुसऱ्या महायुद्धापर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकली. फाईलींचे पेटारे आगगाडीत चढत, आणि त्यांच्यामागोमाग कारकूनही. मग प्रश्न पडे, बिऱ्हाड न्यायचे की ठेवायचे? नेले तर मुलांची शाळा मोडे. ठेवले तर वर्षाचे जवळजवळ सहा महिने घरात वडील नसत. म्हणूनच कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी निघालेल्या काही शाळा सरकारबरोबर शिमल्याला जात आणि सरकारबरोबर परत येत. साहेबाच्या अंगाला ऊन लागू नये म्हणून शाळेने डोंगर चढावा, हे दृश्य आज गमतीचे वाटते. पण मुलांच्या दृष्टीने पाहता त्या काळच्या सरकारने नकळत केलेली ही सर्वांत शहाणपणाची व्यवस्था होती. बापाची कचेरी हलते तर मुलाची शाळाही हलावी, एवढा साधा विचार तिच्यामागे होता, आणि पुढे तो फारसा कोणी केला नाही.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली. तिला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. मुंबईच्या चाळींतून समाजसेवेचे काम केलेला हा शांत वृत्तीचा गृहस्थ पुढे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात पंचवीसएक वर्षे कामगारांचा कैवार घेऊन बसला. वॉशिंग्टनच्या ठरावाने जगासाठी आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. हिंदुस्थानासाठी मात्र साठ! त्यानुसार १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ आणि दिवसाला अकरा तास ही मर्यादा आणली. १९३४ साली ती बारमाही कारखान्यांपुरती चोपन्नावर आली. त्या परिषदेतील आणखी एक गोष्ट माझ्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तिने तासांचा ठराव केला, त्याच बैठकीत बाळंतपणाच्या संरक्षणाचा ठराव केला आणि स्त्रियांना रात्री कामावर ठेवू नये असाही ठराव केला. म्हणजे मूल जन्मते, त्याला कोणीतरी सांभाळावे लागते, रात्री घरात कोणीतरी असावे लागते, हे त्या परिषदेला पूर्ण ठाऊक होते. ते सारे तिने आईच्या खात्यावर लिहिले. बापाच्या खात्यावर अठ्ठेचाळीस तास काम, एवढीच नोंद राहिली.

येथे मला एका बापाची कथा सांगावीशी वाटते, कारण तिचा दिल्लीच्या कायद्याशी फार जवळचा संबंध आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. शतकाच्या आरंभी दुष्काळी काम म्हणून सरकारने सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलावाचे खोदकाम काढले होते. तेथे ते खजिनदार होते. पत्नी वारलेली, मुले साताऱ्याला आत्याजवळ. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून त्यांनी लिहिले. मुलांनी नवे कपडे केले, येण्याचा दिवस पत्राने कळवला आणि ती मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. वडिलांच्या शिपायाने ते पत्र त्यांच्या हाती द्यायचेच विसरले होते. पुढे स्टेशनमास्तरचा पालटलेला सूर, दुप्पट भाडे घेऊनही मुलांनाच हाकावी लागलेली बैलगाडी आणि तहानेने काढलेली रात्र, हे सर्व त्यांतल्या नऊ वर्षांच्या मुलाने पुढे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. त्या मुलाचे नाव भीमराव. त्या प्रसंगाचा मुख्य अर्थ अस्पृश्यतेचा आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही अर्थाने तो झाकता कामा नये. तरीही त्या रात्रीच्या कडेला एक दुसरी वस्तुस्थिती उभी आहे. नोकरीसाठी दूर गेलेला बाप, आणि त्याला भेटण्यासाठी निघालेली मुले.

काही वर्षांनी हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. रामजी आता नोकरीत नव्हते. निवृत्तिवेतनावर घर चालत होते. त्या खोलीत दिवसा अभ्यास होणे अशक्य. तेव्हा ते मुलाला लवकर निजवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागे राहत, त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि मग त्याच्या जागी अंग टाकीत. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रांत ही हकीकत येते, आणि व्याख्यानांतून ती पित्याच्या त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्याग तर तो होताच. पण मला तिच्यात एक अगदी व्यावहारिक अट दिसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या भोंग्याला गिरणीच्या दारात उभे राहायचे असते, तर रामजींना ही जागरणे करता आली नसती. त्याच परळात त्या काळी हजारो बाप राहत होते. ते मुलांवर कमी माया करीत होते असे मानायला काही आधार नाही. त्यांची रात्र त्यांच्या मालकीची नव्हती, एवढेच.

हाच मुलगा १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सभासद म्हणून दिल्लीत आला आणि २२, पृथ्वीराज रोड येथे राहू लागला. तत्पूर्वी, १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्याने पाठिंबा दिला होता. आता त्याच्या खात्याने १९४५ साली कारखान्यांतील कामगारांना भरपगारी सुट्टी देणारी दुरुस्ती केली, आणि १९४६ साली आठवड्याचे तास चोपन्नांवरून अठ्ठेचाळीसवर आणले. दिवसाची मर्यादा नऊ तासांची झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने हीच मर्यादा कायम केली. वॉशिंग्टनने जगाला देऊ केलेले आणि आपल्याला नाकारलेले ते अठ्ठेचाळीस तास सत्तावीस वर्षांनी का होईना, इकडे पोहोचले. ते ज्याच्या हातून पोहोचले त्याच्या स्वतःच्या घरी मात्र वेळेचा दुष्काळच होता. परदेशातील शिक्षण, चळवळ, वकिली आणि रात्र रात्र चालणारे वाचन यांतून संसाराला फारच थोडे उरत असे; पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली, आणि घराचा भार रमाबाईंनी वाहिला.

१९४८ चा कायदा मोठा उपकारक होता, यात शंका नाही. परंतु त्याची दोन कलमे जवळ जवळ ठेवून वाचावीत. एका कलमाने स्त्रीला सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कामावर ठेवण्यास मनाई केली; क्वचित सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेला हात लावता येत नव्हता. म्हणजे कारखान्याची रात्र कायद्याने संपूर्णपणे पुरुषाची झाली, आणि घराची रात्र संपूर्णपणे स्त्रीची. दुसऱ्या कलमाने पाळणाघर सक्तीचे केले. कोणत्या कारखान्यात? तर जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे. १९७६ साली हा आकडा तीसवर आणण्यात आला. एखाद्या कारखान्यात हजार पुरुष असतील आणि त्यांची दोन हजार मुले असतील. तेथे एका पाळण्याचीही गरज कायद्याला वाटली नाही. पुरुष कामगाराला मूल असते ही गोष्ट कायद्याच्या मोजणीत बसतच नव्हती. अर्थात, कायदा करणाऱ्यांनी हे दुष्टपणाने केले नाही. समाजात जे होते ते त्यांनी लिहून घेतले. पण लिहिलेले पुष्कळ काळ टिकते.

स्वातंत्र्यानंतरच्या दिल्लीत सरकारी नोकरांच्या वसाहती वाढल्या. विनयनगर, पुढे रामकृष्णपुरम्. करोलबागेत आणि पहाडगंजात मराठी बिऱ्हाडे होती. पहाडगंजातच बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय. सकाळी सचिवालयाकडे सायकलींचा लोंढा निघे आणि सायंकाळी तो परते. त्या कारकुनाला मुलांसाठी वेळ होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गिरणी कामगाराच्या तुलनेने तो भाग्यवानच. त्या वेळेचे त्याने काय केले? गणित शिकवले, प्रगतिपुस्तकावर सही केली, इंग्रजी पाठ करवून घेतले, थंडीच्या दिवसांत रविवारी इंडिया गेटच्या हिरवळीवर मुलांना नेले. न्हाऊ घालणे, भरवणे, तापात उशाशी बसणे या गोष्टींकडे त्याचा वेळ सहसा वळला नाही. वेळ नसल्यामुळे नव्हे, तर त्या गोष्टी आपल्या आहेत असे त्याला कोणी सांगितले नव्हते म्हणून. त्याच वेळी आकाशवाणीवरून मराठी बातमीपत्रे दिल्लीहून सांगितली जात. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या आवाजावर घड्याळे लावून बाप कामाला निघत. तो आवाज ज्याचा, तो मात्र सकाळच्या पाळीसाठी आपल्या घरातून अंधारातच निघालेला असे.

१९८५ च्या जूनपासून केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा मिळाला. त्याची भरपाई म्हणून रोजचे तास वाढले आणि कचेरी सुटण्याची वेळ साडेपाच-सहावर गेली. नोकराच्या दृष्टीने हा फायद्याचाच सौदा. पण आठ वाजता झोपणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाहावे. त्याचे पाच दिवस रोज थोडे थोडे कापून त्याला एक अखंड शनिवार देण्यात आला, आणि तोही त्याला शाळा नसेल तर. तासांची बेरीज सारखी असूनही बापाचा सहवास सारखा राहत नाही, कारण मुलाचा दिवस बेरजेने चालत नाही.

पुढे दिल्ली स्वतःच्या वेशीबाहेर पसरली. १९७६ साली नोएडा वसले, १९८३ च्या अखेरीस गुडगावला मारुतीची मोटार तयार होऊ लागली, १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा कायदा झाला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गुडगावला परदेशी कंपन्यांची दूरध्वनी-सेवाकेंद्रे निघाली, आणि शिमल्याच्या प्रथेचे एक विलक्षण रूपांतर पाहावयास मिळाले. पूर्वी साहेबाच्या हवामानाप्रमाणे कारकून गाव बदली. आता साहेबाच्या सूर्याप्रमाणे तो रात्र बदलू लागला. अमेरिकेतील दुपार ही गुडगावची मध्यरात्र. बाप पहाटे परतणार, मूल शाळेला जाणार, आणि ते दुपारी आले की घरात सांगितले जाणार, ‘हळू बोल, बाबा झोपलेत.’ पुणे-नागपूर सोडून तेथे गेलेल्या मराठी तरुणांच्या घरांतही हे वाक्य रुळले. त्यात द्वारकेहून नोएडाला वा फरीदाबादहून गुडगावला जाण्यायेण्याचे दोन-तीन तास मिळवावेत. कामाचे तास कायदा मोजतो. हे रस्त्यावरचे तास कोणीच मोजत नाही.

२०२४ साली झालेल्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत पंधरा ते एकोणसाठ वयातील ४१ टक्के स्त्रिया दिवसभरात घरातील मुलांची किंवा इतरांची शुश्रूषा-संगोपन करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. ज्यांनी हे काम केले त्यांतही स्त्रियांचा वेळ सरासरी १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. दीर्घ तास हे याचे एक कारण आहे. परंतु तेवढेच असते तर कचेरी लवकर सुटणाऱ्या त्या विनयनगरच्या कारकुनाची घरे निराळी दिसली असती. स्वीडनचा अनुभव येथे उपयोगी पडतो. तेथे १९७४ पासून अपत्यरजा आईबाप दोघांनाही खुली झाली, पण बापांनी ती फारच थोडी घेतली. १९९५ मध्ये एक महिना बापाच्याच नावे राखून ठेवला. त्याने घेतला नाही तर तो बुडे. मग बाप रजा घेऊ लागले. मोकळीक पुरेशी झाली नाही, नाव लिहावे लागले.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकराला १९९७ पासून पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा आहे. २००८ मध्ये संगोपन-रजा आली, ७३० दिवसांची, ती स्त्रियांसाठी. २०१८ अखेर ती पुरुषांनाही मिळाली, पण विधुर, घटस्फोटित वा अविवाहित अशा एकट्या पित्याला. पत्नी घरात असली की पित्याला संगोपनाचे कारण उरत नाही, असा त्या नियमाचा सरळ अर्थ होतो. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले, आणि येथे प्रथमच मोजणीत पुरुषही धरले गेले. परंतु दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला पाहण्याची मुभा त्यात स्त्रीलाच दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तशीच ठेवली. खाजगी नोकरीतील पित्यासाठी २०१७ साली हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्वलाभाचे एक खाजगी विधेयक मांडले होते. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवण्याची सोय. ते संमत झाले नाही. सातव २०२१ मध्ये निवर्तले.

दरम्यान घरांनी आपापली सोय लावली आहे. गुडगाव-नोएडाच्या इमारतींत सकाळी शाळेच्या बसथांब्यावर पाहावे. नातवाचे दप्तर खांद्याला लावून उभे असलेले मराठी आजोबा तेथे हटकून भेटतात. चार-सहा महिन्यांसाठी सांगली-अमरावतीहून आलेले, बँकेतून वा वीजमंडळातून निवृत्त झालेले. नातवाला काय आवडते, त्याची कोणत्या मुलाशी कट्टी आहे, त्याला कोणता विषय जड जातो, हे त्यांना तोंडपाठ असते. यांतले कितीतरी जण सहज सांगून जातात की मुलाच्या वेळी हे काही ठाऊक नव्हते, बदल्या आणि हिशेबतपासणी यांतच ती वर्षे गेली. सुभेदार रामजींप्रमाणे त्यांनाही सवड मिळाली ती नोकरी संपल्यावर. रामजींचा मुलगा तोवर लहान होता. यांचा मुलगा त्या वेळी वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेला असतो.